थांबावे की निघावे : व्हिक्टोरियातील वणव्यांच्या अभ्यासाची सत्तर वर्षे

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकाला असलेल्या व्हिक्टोरिया राज्याची राजधानी मेलबर्न येथे १३ जानेवारी १९३९ रोजी पारा ४५.६ अंश सेल्सिअसवर गेला आणि हा उच्चांक पुढे सत्तर वर्षे अबाधित राहिला. ७ फेब्रुवारी २००९ रोजी ४६.४ अंशांची नोंद झाली तेव्हा तो मोडला. मात्र या दोन तारखा त्या राज्याच्या स्मरणात राहिल्या त्या वणव्यांत गेलेल्या माणसांमुळे. पहिल्या दिवसाला ‘काळा शुक्रवार’ असे नाव पडले आणि त्या हंगामातील आगींत ७१ माणसे दगावली. दुसऱ्या दिवसाला ‘काळा शनिवार’ म्हणतात आणि त्या दिवशी भडकलेल्या आगींनी १७३ बळी घेतले. या दोन दिवसांमधील काळात व्हिक्टोरियात वणव्याचा जेवढ्या चिकाटीने अभ्यास झाला तेवढा जगात फार थोड्या प्रदेशांत झाला असेल, आणि त्या अभ्यासातून निघालेले निष्कर्ष लोकांपर्यंत नेण्याची व्यवस्थाही तेथे उभी होती. असे असताना मृतांची संख्या दुपटीहून अधिक का झाली, हा प्रश्न त्या समाजाला आजही सोडत नाही आणि त्याचे उत्तर त्या अभ्यासाच्या इतिहासातच शोधावे लागते.

ऑस्ट्रेलियात शेती आणि शहरे यांपलीकडच्या रानाला ‘बुश’ म्हणतात आणि त्या रानात लागणाऱ्या आगीला ‘बुशफायर’. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वणवा म्हटले की फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या उतारावर वाळलेल्या गवतातून सरकत जाणारी आगीची रेघ उभी राहते. व्हिक्टोरियातील वणव्याची जात निराळी आहे. एक तर तेथील उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे आपल्याकडच्या थंडीच्या दिवसांत असतो. दुसरे असे की, आपल्याकडे निलगिरी हे बाहेरून आणून लावलेले झाड असले, तरी तेथे तिच्या कितीतरी जातींचे मूळचे घनदाट अरण्य आहे. या झाडांच्या पानांत ज्वलनशील तेल असते, झाडाखाली पाने आणि काटक्या यांचा थर वर्षानुवर्षे साचत राहतो आणि अनेक जातींच्या खोडांवरून सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबत असतात. आग भडकली की या पट्ट्या पेटत्या अवस्थेतच वर उचलल्या जातात आणि वाऱ्याबरोबर पुढे जाऊन पडतात. २००९ मध्ये अशा ठिणग्यांनी मूळ आगीच्या पुढे तीस किलोमीटरहून अधिक अंतरावर नव्या आगी लावल्याचे आढळले. नदी, रस्ता किंवा जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी जळण काढून मोकळा केलेला पट्टा, अशा आगीला रोखू शकत नाही. त्यात वाऱ्याची भर पडते. उष्ण दिवशी खंडाच्या कोरड्या अंतर्भागातून उत्तरेचा वारा सुटतो आणि आगीला दक्षिणेकडे लांबट जिभेसारखी ओढतो. मग समुद्राकडून थंड हवेची आघाडी आली की वारा काही मिनिटांत नैर्ऋत्येकडून वाहू लागतो, आणि तोवर बाजूला पडलेली आगीची लांबच लांब कड एकाएकी तिची आघाडी होऊन बसते. थंड वारा आला म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि नेमकी तीच घटका सर्वांत घातक असते.

काळ्या शुक्रवारी जवळजवळ २० लाख हेक्टर जमीन जळाली आणि डोंगरांतील अरण्यात विखुरलेल्या कित्येक लाकूडगिरण्या नाहीशा झाल्या. गिरण्यांतील कामगार कुटुंबांसह अरण्याच्या पोटातच राहत आणि आग आली तर निवाऱ्यासाठी काही ठिकाणी जमिनीत खोदलेली भुयारे असत, पण ती सर्वत्र नव्हती आणि जेथे होती तेथेही नेहमी उपयोगी पडली नाहीत. सरकारने न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांचे रॉयल कमिशन, म्हणजे शपथेवर साक्षी घेण्याचा अधिकार असलेला सर्वोच्च दर्जाचा चौकशी आयोग, नेमले. काही महिन्यांत सादर झालेला त्यांचा अहवाल शासकीय कागदपत्रांत क्वचितच आढळणाऱ्या धारदार गद्यामुळे आजही वाचला जातो. आगी माणसांनीच लावल्या होत्या, असे त्यांनी आडपडदा न ठेवता नोंदवले. त्याहून खोल गेलेले त्यांचे निरीक्षण असे की, अशा आगीची कल्पना करता यावी इतका काळ त्या अरण्यातील माणसे तेथे राहिलेलीच नव्हती. वर्षे आली-गेली, लहानमोठ्या आगी विझल्या, आणि जे पाहिले तेच जास्तीत जास्त घडू शकते अशी त्यांची समजूत झाली. पुढील सत्तर वर्षांच्या संशोधनावर हे वाक्य भविष्यवाणीसारखे लागू पडत गेले.

स्ट्रेटन यांचे निरीक्षण युरोपातून येऊन स्थायिक झालेल्यांपुरते खरे होते. त्या भूमीतील मूळ रहिवाशांचा आगीचा अनुभव हजारो वर्षांचा होता. योग्य ऋतूत, योग्य वाऱ्यावर, लहान लहान तुकड्यांत गवत आणि पाला जाळून रान मोकळे ठेवण्याची त्यांची पद्धत होती, आणि पुरातत्त्वज्ञ रीस जोन्स यांनी १९६९ मध्ये तिला ‘आगकाडीची शेती’ अशा अर्थाचे नाव दिले. परंतु व्हिक्टोरियात या समाजांना त्यांच्या जमिनींवरून हुसकावले गेले तेव्हा ते ज्ञानही जमिनीवरून उठले. नव्या रहिवाशांना १८५१ च्या फेब्रुवारीत, वसाहत जेमतेम रुजत असताना, तिच्या सुमारे चौथ्या हिश्श्यावर पसरलेला वणवा पाहावा लागला. पण त्यातून वारसा म्हणून पुढे गेली ती धास्तीच. काळ्या शुक्रवारच्या चौकशीतही मूळ रहिवाशांच्या ज्ञानाला स्थान मिळाले नाही. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आधी आणि दक्षिणेत अगदी अलीकडे सुरू झाले आहेत.

पुन्हा १९४४ मध्ये मोठ्या आगी लागल्यानंतर गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकांना एका छत्राखाली आणणारे ‘कंट्री फायर अथॉरिटी’ हे मंडळ स्थापन झाले आणि १९४५ पासून त्याचा कारभार सुरू झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास मात्र बराच काळ फारसा कोणी मनावर घेतला नाही. मेलबर्नच्या दक्षिणेस समुद्रकाठी असलेल्या बोमॅरिस या उपनगरात जानेवारी १९४४ मध्ये घरे जळाली तेव्हा शासकीय विज्ञानसंस्थेतील जी. जे. बॅरो यांनी जळालेल्या आणि वाचलेल्या घरांची पाहणी केली. घर जळते ते ज्वाळांची भिंत अंगावर आल्याने, ही सर्वसाधारण समजूत होती. बॅरो यांना दिसले ते असे की छपराच्या फटींतून, जमिनीखालच्या मोकळ्या जागेतून आणि फुटलेल्या खिडक्यांतून आत शिरणाऱ्या ठिणग्यांनी बहुतेक घरे पेटवली होती. ठिणगी लहान असते, ती विझवायला बादलीभर पाणी आणि एक जागरूक माणूस पुरतो. घराचे संरक्षण हा विषय अग्निशमन दलाच्या हातून घरमालकाच्या हाती येण्याची शक्यता या साध्या निष्कर्षात दडलेली होती.

त्या काळी शास्त्रज्ञांचे लक्ष घरापेक्षा रानाकडे अधिक होते, आणि त्या पिढीचे सर्वांत मोठे नाव अ‍ॅलन मॅकआर्थर. कॅनबेरा येथील वनखात्यात काम करणाऱ्या मॅकआर्थर यांनी पन्नास आणि साठच्या दशकांत निलगिरीच्या जंगलात शेकडो लहान प्रायोगिक आगी मुद्दाम लावल्या आणि त्यांचा वेग, ज्वाळांची उंची, जळणाचे प्रमाण मोजले. तापमान, हवेतील सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि अवर्षणामुळे आलेली कोरड या चार गोष्टी जुळवून त्यांनी एक फिरती तबकडी बनवली, जिच्यावरून कोणताही वनरक्षक त्या दिवसाचा आगीचा धोका एका आकड्यात वाचू शके. या निर्देशांकाची वरची टोकाची खूण १०० होती, आणि ती काळ्या शुक्रवारच्या हवामानावरून ठरवलेली होती. चढावर दर दहा अंशांना आगीचा वेग दुप्पट होतो, हा आजही पथकांना शिकवला जाणारा ठोकताळा त्यांचाच. त्यांचे कार्य पायाभूत होते आणि त्याने असंख्य जीव वाचवले, याबद्दल शंका नाही. पण प्रयोगातील आगी लहान, थोडा वेळ जळू दिलेल्या आणि आटोक्यात राहतील अशा दिवशी लावलेल्या होत्या, हेही खरे. पुढे १९९८ ते २००१ या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियातील जंगलांत ‘प्रोजेक्ट व्हेस्टा’ या नावाने शंभराहून अधिक मोठ्या प्रायोगिक आगी लावण्यात आल्या तेव्हा कोरड्या, वादळी दिवशी खरी आग जुन्या तबकडीच्या अंदाजाहून पुष्कळच वेगाने धावते, असे दिसून आले.

तोपर्यंत १६ फेब्रुवारी १९८३ होऊन गेला होता. त्या दिवशी ख्रिस्ती पंचांगातील ‘राखेचा बुधवार’ होता, म्हणजे उपवासकाळाच्या आरंभी कपाळी राख लावण्याचा, वसई आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांना ओळखीचा दिवस. आगींनाही तेच नाव मिळाले. व्हिक्टोरियात ४७ आणि शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात २८ अशी ७५ माणसे मेली आणि दोन हजारांहून अधिक घरे जळाली. अप्पर बीकन्सफील्ड येथे वारा फिरला तेव्हा दोन स्वयंसेवी पथकांतील १२ जण एकाच ठिकाणी सापडले. त्याच रात्री मॅसिडन गावातील खानावळवजा हॉटेलात शेकडो लोक ओल्या घोंगड्या घेऊन कोंडून बसले आणि वाचले, तर कॉकाटू येथे बालवाडीच्या इमारतीत मुलांसह आसरा घेतलेला जमाव छपरावर चढलेल्या मोजक्या माणसांनी पाणी मारत राहिल्यामुळे सुखरूप राहिला.

या वेळी संशोधक आगीच्या मागोमाग घरांपाशी पोहोचले. मेलबर्न विद्यापीठातील अँड्र्यू विल्सन आणि इयन फर्ग्युसन यांनी माउंट मॅसिडन परिसरातील सुमारे साडेचारशे घरांची तपासणी करून ‘लढावे की पळावे’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. घरात धडधाकट माणूस थांबलेला असेल तर ते घर वाचण्याचा संभव कितीतरी अधिक होता, आणि अशा थांबलेल्या माणसांपैकी बहुतेक जण जिवंत राहिले होते. कारण भौतिक होते. वणव्यात माणसाला मारते ती प्रामुख्याने प्रारित उष्णता, म्हणजे स्पर्श न होताही ज्वाळेपासून सरळ रेषेत येऊन भाजणारी धग. तिच्यापासून साधी भिंतही आडोसा देते, आणि आगीची मुख्य लाट घरावरून काही मिनिटांत निघून जाते. तेवढा वेळ आत काढायचा, मग बाहेर येऊन ठिणग्या विझवायच्या. त्याउलट मेलेल्यांच्या अभ्यासात वारंवार एकच चित्र येत होते : शेवटच्या क्षणी मोटारीतून निघालेले कुटुंब, धुराने आंधळा झालेला रस्ता आणि आडवे पडलेले झाड.

बॅरो यांच्या ठिणग्या, मॅकआर्थर यांचे गणित आणि मॅसिडनची घरे यांतून एक धोरण तयार झाले आणि त्याची घोषणा साधी होती : तयारी करा, थांबून लढा किंवा वेळेवर निघा. अग्निशमन यंत्रणांच्या ऑस्ट्रेलेशियन परिषदेने २००५ मध्ये ते अधिकृत भूमिका म्हणून मांडले. ज्या देशांत पोलीस संपूर्ण वस्त्या सक्तीने रिकाम्या करतात त्यांच्या दृष्टीने ही विलक्षण गोष्ट होती. व्हिक्टोरियाच्या कायद्यात तर स्वतःच्या मालमत्तेत थांबू पाहणाऱ्या माणसाला बळाने हलवण्याचा अधिकारच पोलिसांना नव्हता. धोरणामागे नागरिकाच्या समजुतीवर आणि कर्तृत्वावर विश्वास होता, आणि तो पोकळ नव्हता. १९९३ पासून गल्लीगल्लीतील शेजाऱ्यांचे गट करून, प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या साह्याने घराभोवतीचा पाला काढणे, पाण्याचा पंप आणि टाकी ठेवणे, सुती वा लोकरी कपडे तयार ठेवणे असे धडे दिले जात होते. कॅथरीन हेन्स, जॉन हँडमर आणि सहकाऱ्यांनी १९०० ते २००८ या काळातील ५५२ नागरी मृत्यूंची छाननी केली तेव्हाही उशिरा केलेले पलायन हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. त्यात पुरुष बहुधा घराबाहेर मालमत्ता वाचवताना मेले होते, आणि स्त्रिया व मुले पळताना किंवा आसऱ्याच्या जागी. आकडेवारी धोरणाच्या बाजूने होती, पण ती होऊन गेलेल्या आगींची होती.

काळ्या शनिवारच्या आदल्या दिवशी राज्याचे मुख्यमंत्री जॉन ब्रम्बी यांनी उद्याचा दिवस राज्याच्या इतिहासातील अत्यंत वाईट दिवसांपैकी असू शकेल, असा जाहीर इशारा दिला होता. त्यामागे दहा-बारा वर्षांचे अवर्षण होते आणि जानेवारीच्या अखेरीस आलेली विक्रमी उष्म्याची लाट होती. शनिवारी दुपारी अनेक हवामान केंद्रांवर मॅकआर्थर यांचा निर्देशांक १०० ची खूण ओलांडून कितीतरी पुढे गेला. १९३९ च्या मापाने घडवलेली मोजपट्टी त्या दिवसाला अपुरी पडली. किलमोर ईस्ट येथे विजेची तार तुटून सकाळी पावणेबाराच्या सुमारास लागलेली आग दुपारपर्यंत महामार्ग ओलांडून डोंगरात शिरली आणि संध्याकाळी वारा फिरताच तिची कड किंगलेकच्या पठारावर चढली. एकट्या या आगीने ११९ जणांचा जीव घेतला. स्ट्रॅथ्यूएन या दोनेकशे वस्तीच्या खोऱ्यात २७ जण मेले. मेरीसव्हिल हे पर्यटकांच्या आवडीचे डोंगरी गाव दुसऱ्या एका आगीत वारा फिरल्यानंतर जवळजवळ संपूर्ण नाहीसे झाले. अनेक ठिकाणी अधिकृत सूचना पोहोचण्याआधी आग पोहोचली होती.

राख गरम असतानाच संशोधकांचे गट गावोगाव गेले. ‘बुशफायर सीआरसी’ या २००३ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संशोधन केंद्राच्या वतीने शेकडो कुटुंबांच्या मुलाखती घेण्यात आल्या आणि नंतर टपालाने पाठवलेल्या प्रश्नावलीला तेराशेहून अधिक घरांतून उत्तरे आली. जोश व्हिटेकर, जिम मॅक्लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले निष्कर्ष वाचताना संशोधनाचा विषय बदलल्याचे स्पष्ट जाणवते : आता प्रश्न ज्वाळेचा किंवा भिंतीचा नसून स्वयंपाकघरातील टेबलाभोवती झालेल्या किंवा न झालेल्या संभाषणाचा होता. उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक माणसे घर वाचवण्यासाठी थांबली होती आणि त्यांतील पुष्कळांना यशही आले होते. पण थांबणे आणि निघणे या धोरणाने गृहीत धरलेल्या दोन वाटांशिवाय एक तिसरी वाट होती आणि तीवर बरीच गर्दी होती. संशोधकांनी तिला ‘वाट पाहून ठरवू’ असे म्हटले : आग खरोखर येते का ते पाहू, आली तर निघू. ही वृत्ती आळशीपणाची नव्हती. सरकारी सूचना येईल या भरवशावर कोणी थांबले, कोणाला गुरे सोडवत नव्हती, तर कोठे नवऱ्याला थांबायचे होते, बायकोला निघायचे होते आणि हा मतभेद आग दारात येईपर्यंत बोललाच गेला नव्हता.

मृत्यूंच्या स्वतंत्र छाननीत आणखी क्लेशदायक गोष्ट पुढे आली. १७३ पैकी ११३ जण घरांच्या आत मेले होते, म्हणजे ज्या जागेला धोरणाने आसरा म्हटले होते तेथेच. पुष्कळ जण न्हाणीघरात, एकच दार असलेल्या खोलीत, निष्क्रिय बसून राहिले होते. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के जण बारा वर्षांखालील मुले, सत्तरीपुढचे वृद्ध किंवा आजाराने वा अपंगत्वाने दुबळे झालेले होते, आणि ‘धडधाकट माणूस थांबला तर’ या जुन्या निष्कर्षातील अट त्यांच्यापैकी कोणालाच लागू नव्हती. चांगली तयारी केलेले, पंप आणि पाणी असलेले लोकही मेले. मॅसिडनच्या घरांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा नव्हता, पण त्याला १९८३ ची मर्यादा होती. धोरणाच्या घोषणेत शिरताना मात्र ती मर्यादा गळून पडली होती.

न्यायमूर्ती बर्नार्ड टीग यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने जुलै २०१० मध्ये ६७ शिफारशींसह अंतिम अहवाल दिला. आयोगाने जुने धोरण पूर्णपणे टाकले नाही, पण सर्वांत उग्र आगींचा त्यात विचारच झालेला नाही, हे स्पष्टपणे नोंदवले आणि लवकर निघण्यावर भर दिला. अखेरचा पर्याय म्हणून सामुदायिक आसऱ्याच्या जागा निश्चित करायला सांगितले. धोक्याच्या फलकावर ‘महाविनाशक’ ही नवी पायरी तर २००९ च्या अखेरीसच जोडली गेली होती, आणि व्हिक्टोरियात तिला ‘कोड रेड’ हे नाव होते. त्या पायरीचा अर्थ असा की अशा दिवशी कोणतेही घर वाचेल असे समजू नये आणि आग लागण्याची वाट न पाहता आदल्या रात्री किंवा पहाटे निघावे. जानेवारी २०१० मध्ये, शोक ताजा असताना, राज्याच्या काही भागांत हा इशारा पहिल्यांदा दिला गेला तेव्हा संशोधकांनी लोकांना गाठून विचारले, आणि इशाऱ्यामुळे घर सोडणारी माणसे फारच थोडी निघाली. धूर दिसत नसताना मुले, वृद्ध, जनावरे घेऊन निघायचे कोठे आणि अशा किती दिवशी निघायचे, या त्यांच्या प्रश्नाला फलकावर उत्तर नव्हते.

३१ डिसेंबर २०१९ रोजी राज्याच्या पूर्व टोकाला मॅलाकूटा येथे सुमारे चार हजार रहिवासी आणि पर्यटक सकाळी रात्रीसारख्या काळ्या झालेल्या आकाशाखाली समुद्रकिनाऱ्यावर जमले आणि पुढे नौदलाच्या जहाजांनी त्यांतील शेकडोंना तेथून नेले. बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता आगीने बंद झाला होता. त्या उन्हाळ्यानंतर मॅकआर्थर यांची मोजपट्टी निवृत्त झाली. १ सप्टेंबर २०२२ पासून सर्व देशात जळणाच्या आठ प्रकारांवर आधारलेली आणि चारच पायऱ्यांची नवी पद्धत लागू झाली, आणि तिच्या प्रत्येक पायरीबरोबर धोका किती एवढेच नव्हे तर करायचे काय हेही सांगितलेले असते.

स्ट्रॅथ्यूएनमध्ये २००९ साली जळून गेलेली प्राथमिक शाळा पुन्हा उभी राहिली. तेथे २०१६ पासून वरच्या वर्गातील मुले स्थानिक पथकातील स्वयंसेवकांबरोबर आगीचा अभ्यास करतात : उतार, वारा आणि कोरड यांनी ती कशी बदलते, आपल्या खोऱ्यात ती कोठून येईल, आणि घरी कोण काय करणार हे आधी कसे ठरवायचे. मातीच्या बाहुल्यांचे चित्रपट आणि पुस्तिका करून ती हे सर्व आईबापांना आणि शेजाऱ्यांना शिकवतात, आणि त्या शिकवणीचा घरातील तयारीवर काय परिणाम होतो याचा अभ्यास ब्रायनी टॉवर्स यांसारख्या संशोधकांनी केला आहे. आज त्या वर्गात बसणारी मुले काळ्या शनिवारनंतर जन्मलेली आहेत. त्यांना शिकवणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काही जण त्या दिवशी त्याच खोऱ्यात होते.